वसई किल्ल्यातली बिननावाची भिंत

त्या रविवारी आम्ही उपटलेला पिंपळ जेमतेम हातभर उंच होता. बुंधा अंगठ्याएवढा, पानं तांबूस, कोवळी. आमच्यातल्या एकाने भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी खोड धरलं आणि झटका दिला. पहिल्या झटक्याला काहीच हललं नाही. दुसऱ्याला पिंपळ आला, त्याच्यामागे दीड हात लांब मूळ आलं, आणि मुळामागे चार दगड आले. शेवटचा दगड कुणाच्या पायावर पडला नाही, एवढंच नशीब. सगळं शांत झाल्यावरही त्या भोकातून पिठासारखा चुना बराच वेळ गळत होता.

पुढची हकीकत त्या चार दगडांची आहे. आम्ही तिथे काय करत होतो, कुठे चुकलो, नंतर काय केलं आणि आज ती भिंत कशी आहे, ते सगळं लिहितो. गडकिल्ल्यांवर कोयता-फावडं घेऊन जाणाऱ्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. साफसफाईआधीचे आणि नंतरचे फोटो आपल्याकडे भरपूर फिरतात. साफ करताना काय पडलं, याचा फोटो कुणी टाकत नाही.

जागा कशी आहे

वसईचा किल्ला सह्याद्रीतल्या गडांसारखा नाही. चढायला काही नाही, दमायचं काही नाही. खाडीच्या तोंडाशी सपाट जमिनीवर सुमारे ११० एकरांत पसरलेला हा कोट आहे. दहाएक बुरूज, समुद्राकडे दर्या दरवाजा, जमिनीच्या बाजूला जमीन दरवाजा, आणि पोटातून थेट किल्लाबंदर या कोळीवाड्याकडे जाणारा डांबरी रस्ता. या रस्त्यावरून रोज मासळीचे टेम्पो, शाळेची मुलं आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी जातात. ज्यांना किल्ला म्हटलं की कडा आणि पायवाट आठवते, त्यांना पहिल्यांदा इथे थोडं फसल्यासारखं वाटतं.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली. त्याच तहात मुंबईची बेटंही गेली. १५३६ पासून बांधकाम सुरू झालं आणि सोळावं शतक सरेपर्यंत दगडी तटाच्या आत एक आख्खं शहर उभं राहिलं. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा पंथांची चर्चं आणि मठ, सरदारांची दुमजली घरं, इस्पितळ, बाजार. नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले. वसईचा काळा दगड गलबतांतून गोव्यालाही जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेच्या दर्शनी भागात तो आजही दिसतो. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सेंट सेबास्टियन बुरुजाला सुरुंग लावून खिंड पाडली, पोर्तुगिजांनी शरणागती लिहून दिली आणि वसईचं बाजीपूर झालं. चर्चांच्या घंटा हत्तीवर, गाड्यावर चढून महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर लटकते ती १७२१ सालची घंटा त्यांतलीच.

आपला इतिहास साधारण इथे थांबतो. किल्ल्यात रान कसं शिरलं, हे कळायला मात्र पुढचं बघावं लागतं. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांना परत मिळाला, १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचा, आणि १८१८ नंतर या तटाचा लष्करी उपयोगच उरला नाही. एकोणिसाव्या शतकात तर आतली जमीन लिटलवुड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला खंडाने दिलेली होती आणि जिथे सरदारांच्या हवेल्या होत्या तिथे ऊस उभा होता. माणसं गेली, मग छपरं गेली. छप्पर गेल्यावर भिंतीचा माथा उघडा पडतो आणि खरी पडझड तिथून सुरू होते.

याचं कारण भिंतीच्या पोटात आहे. या भिंती बाहेरून एकसंध दगडाच्या वाटतात, पण त्या तशा नाहीत. दोन्ही अंगांना घडीव दगडाचा पदर आणि मध्ये दगडगोटे, विटांचे तुकडे, चुना यांची भरती, अशी ती रचना असते. माथा शाबूत असेपर्यंत भरती कोरडी राहते. माथा उघडला की प्रत्येक पावसाळ्यात पाणी आत उतरतं, चुना थोडाथोडा धुपतो, आतून पोकळ होत जातं आणि बाहेरचे दोन पदर एकमेकांपासून सुटायला लागतात. त्या ओलसर पोकळीत एखादा बुलबुल किंवा मैना पिंपळाचं बी टाकते.

आमची भिंत डोमिनिकन मठाकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला आहे. कुठल्याशा घराची असावी. वीसेक फूट लांब, माणसापेक्षा थोडी उंच, एका टोकाला खिडकीच्या चौकटीचे दोन घडीव दगड शिल्लक. नकाशावर तिला नाव नाही, माहितीफलकावर ती नाही, तिच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. तिच्यावर हात टाकायचं धैर्य आम्हाला झालं ते बहुधा त्यामुळेच.

काय करत होतो

आमचा गट छोटा. नोकरदार, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त शिक्षिका, एक रिक्षावाला मित्र. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी सहा ते साडेनऊ. परवानगी घेतलेली होती आणि ती स्पष्ट होती: जमिनीवरचं गवत कापायचं, वाटा मोकळ्या करायच्या, कचरा गोळा करायचा. बांधकामाला हात लावायचा नाही. खणायचं नाही.

पहिले तीन-चार रविवार आम्ही हेच केलं. ज्यांनी ऑक्टोबरातलं वसईच्या किल्ल्यातलं रान पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. गवत छातीपर्यंत. त्यात घाणेरीची जाळी, काट्यांच्या वेली आणि खाजकुइली. खाजकुइलीच्या शेंगा दिसायला मखमली, आणि वाऱ्याने त्यांची कुसं अंगावर आली की माणूस अर्धा दिवस कामातून जातो. पाण्याने धुतलं तर आणखी पसरते. कोरडं शेण चोळतात, तो उपाय आमच्या रिक्षावाल्या मित्राने स्वतःवर करून दाखवला आणि नंतर त्याच्या शेजारी बसून कुणी चहा प्यायलं नाही. नाग-घोणस असतातच. म्हणून आधी काठी आपटत जायचं, मग कोयता. वटवाघळांच्या भुयारात शिरायचं नाही. आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती बाजू सोडायची.

गवत पेटवून द्यायची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतोच. ‘एका काडीत काम होईल.’ होईलही. पण जळत्या गवताच्या धगीने दगडाचे पापुद्रे सुटतात, चुन्याचे सांधे कमजोर होतात, आणि तटाच्या फटींत राहणारं सगळं जिवंत भाजून निघतं. त्यामुळे विळा, कोयता आणि घमेली, एवढीच आमची हत्यारं.

मग कचरा. बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, शूटिंगच्या धुराच्या नळकांड्या, लहान मुलांच्या डायपरपर्यंत सगळं. कचऱ्यात कधी निळ्या नक्षीचा बशीचा तुकडा सापडतो. आमची शिक्षिकाबाई लगेच थांबवते: जिथे आहे तिथेच राहू दे, फोटो काढ, जागा लिही, कळव. तो तुकडा चीनहून पोर्तुगीज गलबतातून आलेला असू शकतो, किंवा मागच्या महिन्यात सहलीला आलेल्या कुणाच्या हातून फुटलेला असू शकतो. ते ठरवणं आपलं काम नाही. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात मर्यादा दहा रुपयांची आहे. जमिनीतून निघालेली दहा रुपयांवरची चीज जिल्हाधिकाऱ्याला कळवायची. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे केवढे, याचा हिशेब करत आम्ही एकदा एक आख्खा चहाचा ब्रेक घालवला होता.

अशा चार रविवारांनंतर अंगात जोर येतो. वाटा मोकळ्या झाल्या, भिंती दिसायला लागल्या, येणारे-जाणारे ‘वा’ म्हणायला लागले. आणि भिंती दिसायला लागल्या म्हणजे त्यांवरची झाडंही दिसायला लागली. बिननावाच्या त्या भिंतीवर तर पिंपळ, उंबर आणि वडाची पोरं अशी रांगेत बसली होती. किल्ला ‘वाचवायला’ आलेल्या माणसाला ते बघवत नाही. परवानगीच्या कागदात काय लिहिलंय ते आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरी कुणी ‘थांब’ म्हणालं नाही. मीही नाही. झटका देणाऱ्याचा फोटो काढायला मी मोबाइल वर धरला होता.

त्यानंतरचा अर्धा तास

दगड पडल्यावर पहिली सूचना आली ती परत रचून ठेवायची. ‘चार तर दगड आहेत, खाचा दिसतायत, बसतील.’ दुसरी आली ती फोनवर, आमच्याच एका हितचिंतकाकडून. दोन गोण्या सिमेंट पाठवतो, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. दोन्ही सूचना मनापासून होत्या आणि दोन्ही मानल्या असत्या तर पहिल्या चुकीपेक्षा मोठी चूक झाली असती.

सिमेंटचं आधी सांगतो, कारण महाराष्ट्रात कितीतरी गडांवर ते झालेलं आहे आणि करणाऱ्यांना आजही अभिमान आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही दगडापेक्षा मऊ राहतो. भिंत उन्हापावसात थोडी हलते, तेव्हा चीर जाते ती सांध्यात, दगडात नाही. सांधा पुन्हा भरता येतो. शिवाय चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट कडक आणि बंद. आतलं पाणी त्यातून निघत नाही, मग ते दगडातून वाट काढतं. वसईसारख्या खाऱ्या हवेत त्या पाण्यात मीठ असतं. पाणी उडून जातं, मिठाचे खडे दगडाच्या पृष्ठभागाखाली फुगतात आणि दगड पदर सोडायला लागतो. दहा-पंधरा वर्षांनी सिमेंटचे सांधे ताठ उभे आणि मधले दगड खाल्लेले, असं दृश्य तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल.

आणि दगड परत रचायचे नाहीत ते एवढ्यासाठी की पडलेला दगड हा पुरावा असतो. कुठून सुटला, कुठल्या तोंडाने बसला होता, त्याच्या मागे भरती किती शिल्लक होती, हे नंतर दुरुस्ती करणाऱ्याला कळलं पाहिजे. आम्ही ते जसे पडले तसे ठेवले. प्रत्येकाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले. रंगाने आकडे टाकायचा मोह आवरला आणि कागदावर आकृती काढून त्यात क्रमांक दिले. मग पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्याला बोलावलं.

ते आले, भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि एकच वाक्य बोलले: “तुम्हाला गवत काढायला सांगितलं होतं. भिंत कुणी काढायला सांगितली?”

याला उत्तर नव्हतं. १९५८ च्या स्मारकविषयक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित वास्तूला नुकसान पोचवण्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. कायदा हेतू चांगला होता का हे आधी विचारत नाही. आम्ही त्याच दिवशी लेखी कळवलं, फोटो आणि आकृती जोडली, ‘आमच्याकडून झालं’ असं सरळ लिहिलं. आमच्यातल्या दोघांना ते आवडलं नाही. ते पुढच्या रविवारी आले नाहीत, त्यापुढच्याही नाही. त्यांचं म्हणणं असं की तेवढी भिंत पुढच्या पावसात पडलीच असती, आपण उगाच अंगावर ओढवून घेतलं. भिंत पडली असती हे कदाचित खरंही असेल.

पिंपळाबद्दल

नंतर एका जुन्या गवंडीकाकांना आम्ही मुद्दाम घेऊन गेलो. वसईच्याच एका आळीतले, आयुष्य चुन्यात गेलेलं. त्यांनी खिंडारात बोट घातलं, भरती चिमटीत घेऊन चुरडली आणि म्हणाले, “झाड उपटायचं नसतं रे बाबांनो. उपाशी मारायचं असतं.”

पिंपळाचं मूळ भिंतीत शिरतं तेव्हा सुतळीएवढं असतं. जागा मिळेल तिथे जातं, चुन्यातली ओल पितं. मग जाड व्हायला लागतं आणि पाचर मारल्यासारखे दगड दूर सारतं. इथपर्यंत ते भिंतीचं शत्रू. पण एवढी वर्षं दगड दूर सारल्यावर त्याच दगडांना मग तेच मूळ धरून ठेवतं, कारण मधला चुना गेलेला असतो. उपटलं की सांधा बांधणारी शेवटची दोरीच आपण ओढून काढतो. आमच्या हातभर पिंपळाचं मूळ दीड हात लांब होतं, म्हणजे ते रोप वरून दिसत होतं त्यापेक्षा पुष्कळ जुनं होतं. उघड्या माथ्यावर उन्हाने आणि वाऱ्याने वर खुरटलेलं आणि आत मजेत वाढलेलं.

नुसतं कापूनही भागत नाही. कापलेल्या पिंपळाला चार ठिकाणांहून फुटवे येतात. म्हणून योग्य रीत अशी की बुंधा भिंतीच्या सपाटीला कापायचा, ताज्या कापावर चीक सुकायच्या आत मोजून झाडमार औषध लावायचं, महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचं, फुटवा आला की पुन्हा तेच. मूळ पूर्ण मेलं की ते आत कुजतं आणि त्याच्या जागी नळीसारखी पोकळी राहते. ती पातळ चुन्याने भरली नाही तर सगळं केलेलं फुकट. कुठलं औषध, किती, कुठल्या दगडावर चालेल, हे खात्याच्या विज्ञान शाखेचे लोक ठरवतात. हौशी मंडळींचं ते काम नाही. आम्ही औषधाला आजतागायत हात लावलेला नाही.

मोबाइलवर मात्र उपाय भरपूर येतात. बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, मीठ भरा, ॲसिड ओता, डिझेल टाका. चुना म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पिंपळाआधी भिंतच खाईल. आणि समुद्रकाठच्या भिंतीत आपण होऊन मीठ भरणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच. हिंगाने भिंतीचं नुकसान होत नसावं, पिंपळाचंही होत नसावं.

काम कसं बदललं

बिननावाच्या भिंतीपुरतं आम्ही नवं वेळापत्रक बनवलं आणि यावेळी ते आधी दाखवून, होकार घेऊन सुरू केलं. त्यात तीन गोष्टी होत्या.

भिंतीवर नुकतं उगवलेलं, दोन-चार पानांचं रोप दिसलं की ते सिकेटरने, म्हणजे झाडं छाटायच्या कात्रीने, सपाटीला छाटायचं. ओढायचं नाही, खुरपायचं नाही. मोठे बुंधे तसेच ठेवायचे. फक्त पावसाळ्याआधी त्यांच्या वरच्या फांद्या हलक्या करायच्या, म्हणजे जूनच्या वाऱ्यात झाड हेलकावे खाऊन भिंतीला पहारीसारखं उचकटणार नाही. आणि वर्षातून दोनदा, पावसाआधी व पावसानंतर, ठरलेल्या जागेवर उभं राहून भिंतीचे तेच सहा फोटो काढायचे. जागा चुकू नये म्हणून समोरच्या एका ताडाचा बुंधा आणि खिडकीचा कोपरा एका रेषेत आणायचा, ही खूण कॉलेजच्या मुलीने शोधून काढली. वही तिच्याकडेच असते.

हे काम दिसायला फार नीरस आहे. पहिल्या वर्षी आमची संख्या निम्म्यावर आली. ज्याला गडावर घाम गाळायचा आहे त्याला चार पानांचं रोप छाटून वहीत लिहायला सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण तो घाम खरा असतो. अशांसाठी गवताचं काम कायम ठेवलं आहे. ११० एकरांत गवताला कधीच तोटा नसतो.

नीरसपणाची भरपाई अचानक होते कधीकधी. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत. पूर्वी कुणीतरी अशा शिळा तारेच्या ब्रशने घासायचे, अक्षरांत खडूची पूड किंवा पीठ भरून फोटो काढायचे. अक्षरांच्या कडा त्यानेच झिजतात. आम्ही एकदा अंधार पडता पडता एका शिळेवर जमिनीलगत टॉर्च धरला, अगदी आडवा. दिवसा सपाट वाटणाऱ्या त्या दगडावर सावल्यांनी एकेक अक्षर उभं राहिलं, ढालीसारखं कुळाचं चिन्ह दिसलं, खाली सालाचा पहिला ‘१’ आणि पुढे शेवाळ. शेवाळ आम्ही खरवडलं नाही. साल अजून आम्हाला ठाऊक नाही.

शेजारचे लोक

किल्ल्याबद्दल बोलताना आम्ही मंडळी इतिहासापासून सुरुवात करतो. किल्लाबंदरच्या मावशी बोंबलांपासून करतात. त्यांतल्या एकीने आम्हाला पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं, “तुम्ही रविवारी येता, साफ करता नि जाता. आम्ही सोमवारी पण इथेच असतो.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी किल्ल्यात शेरडं चरायची तेव्हा एवढं रान माजत नव्हतं, कोवळी पालवी शेरडं ठेवतच नसत. आम्ही हसलो होतो. आता मला वाटतं, सिकेटर घेऊन आम्ही जे करतो ते शेरडाचंच काम आहे, फक्त त्यांना वही ठेवावी लागत नसे.

त्यांचा राग आणखी एका गोष्टीचा आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट. घराची साधी दुरुस्ती काढली तरी आधी कागद. किल्ल्याच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला हा किल्ला मिरवायचा वारसा आहे की दारातला अडथळा, हे कुणी विचारतच नाही. आमच्या गटात आज किल्लाबंदरचे दोघं आहेत. ते आले ते इतिहासाच्या ओढीने नाही, त्या शूटिंगच्या धुराच्या नळकांड्यांवरून भांडण काढायला आले आणि राहिले. सोमवार ते शनिवार भिंतीवर लक्ष तेच ठेवतात.

पक्षी बघणाऱ्यांशीही एकदा जुंपली. आमच्या भिंतीच्या टोकाला घाणेरीचं मोठं जाळं होतं, ते काढायचं ठरलेलं. एका पक्षीवाल्या काकांनी अडवलं: त्यात घरटी आहेत आणि मागच्या पडक्या कोनाड्यात पिंगळ्याचं जोडपं आहे. किल्ल्याला गालिच्यासारखं स्वच्छ करू नका, म्हणाले. मला तेव्हा ते अतिरेकी वाटलं. शेवटी घाणेरी भिंतीपासून हातभर मागे रेटली आणि उरलेली ठेवली. पिंगळा अजून तिथे आहे. संध्याकाळी खिडकीच्या त्या घडीव दगडावर बसतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या भिंतीचा तो एकमेव नियमित वापरकर्ता आहे.

आजची स्थिती

खिंडार भरलेलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडेचे आणखी दोन दगड सुटले. तेही जिथे पडले तिथेच आहेत, आकृतीत पाच आणि सहा क्रमांकांवर. त्यानंतरच्या पावसाळ्यांत काही पडलेलं नाही. दुरुस्ती खात्याची आहे आणि दर्या दरवाजा, मोठी चर्चं, तटाचे धोक्याचे भाग यांच्या रांगेत आमच्या बिननावाच्या भिंतीचा क्रमांक शेवटचा असणार, हे आम्हाला मान्य आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. वसई त्यांत नाही. त्या रात्री गटात थोडी हळहळ झाली आणि मग कुणीतरी लिहिलं की रविवारी हातमोजे जास्तीचे आणा, खाजकुइली फुटलीय.

वहीचं म्हणाल तर पहिल्या ऑक्टोबरात भिंतीवरच्या रोपांची नोंद दीड पान भरली होती. यंदा अर्ध्या पानात संपली. मोठा उंबर तसाच आहे, दरवर्षी मेमध्ये त्याचे केस कापतो. वडाचं एक पोर आपोआप वाळलं, का ते कळलं नाही.

आणि तो पिंपळ. आम्ही ओढून काढला तेव्हा मूळ मध्येच तुटलं होतं, उरलेलं आत राहिलं. पुढच्याच पावसाळ्यात खिंडाराच्या आतून, थेट भरतीतून, त्याने कोंब काढला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन तो छाटतो. परवा गेलो तर पुन्हा दोन पानं होती, तांबूस, नखाएवढी. छाटली, चिकाचा थेंब पुसला, मुलीने वहीत तारीख टाकली, आणि आम्ही पलीकडच्या भिंतीकडे गेलो.